मुंबई उपनगरांचा भूगर्भ आणि विद्युत रोधकता चित्रण

जमिनीत विजेचा प्रवाह सोडायचा, त्याला होणारा रोध पृष्ठभागावरून ठिकठिकाणी मोजायचा आणि त्या मोजमापांवरून खालच्या थरांचे चित्र उभे करायचे, ही विद्युत रोधकता चित्रणाची पद्धत. साइटवरची माणसे तिला ‘रेझिस्टिव्हिटी सर्व्हे’ किंवा नुसते ‘इमेजिंग’ म्हणतात. पाण्याचा शोध, इमारतीचा पाया, भुयाराची आखणी, कचराभूमीतून झिरपणारे दूषित पाणी, निसटू पाहणारा डोंगरउतार अशा निरनिराळ्या कामांना ती लागते. मुंबईच्या उपनगरांत ही सगळी कामे एकाच वेळी चालू आहेत, आणि जमीन मात्र अशी की दोन बोअरच्या मधले अंतर नुसत्या अंदाजाने भरून काढणे धोक्याचे ठरते.

साष्टी बेटाचा हा भाग दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा आहे, पण घाटमाथ्यावर दिसणारे बेसाल्टचे एकावर एक आडवे थर इथे नाहीत. मुंबईचे खडक त्या मुख्य उद्रेकांनंतरचे, सुमारे सहा ते सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि पनवेलजवळ थरांना पडलेल्या मोठ्या वाकामुळे ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. त्यांचे प्रकारही पुष्कळ. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे बेसाल्टच्या उभ्या खांबांची सुमारे ६० मीटर उंच टेकडी. साकीनाका आणि मनोरीला ट्रॅकाइट सापडतो. जोगेश्वरी आणि महाकालीची लेणी ज्वालामुखीय ब्रेशियात, म्हणजे राखेत घट्ट बसलेल्या दगडी तुकड्यांच्या खडकात, कोरलेली आहेत. मधूनमधून राखेचे मऊ टफ आहेत, आणि लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळाचे शेलही आहेत. या सगळ्यावर कुठे दोन, तर कुठे पंधरा मीटर मुरूम, खाड्यांच्या काठाने काळा चिखल आणि त्यावर गेल्या शे-दीडशे वर्षांत टाकलेली भरणी. गिल्बर्ट हिलपासून लोखंडवालाची खाजणावर उभी राहिलेली वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढ्या अंतरात कठीण पाषाण जमिनीच्या वर डोके काढतो आणि पुढे चिखलाखाली नाहीसा होतो.

विजेने हे फरक कळतात याचे कारण सरळ आहे. बेसाल्ट किंवा ट्रॅकाइटचे खनिज स्वतः वीज जवळजवळ वाहून नेत नाही. प्रवाह जातो तो भेगांतल्या आणि छिद्रांतल्या पाण्यातून आणि चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावरून. म्हणून रोधकता खडकाचे नाव सांगत नाही. त्यात पाणी किती, ते किती खारट, माती किती आणि भेगा किती, एवढेच ती सांगते. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटरच्या आसपास असते. खारट चिखल एक ते पाच-सहा ओहम-मीटर दाखवतो. दख्खनच्या खडकांत पाण्याने भरलेला, खूप झिजलेला किंवा भेगाळलेला बेसाल्ट साधारण २० ते ४५, मध्यम झिजलेला ४० ते ७० आणि सलग काळा पाषाण त्याच्या वर, शेकडो ते काही हजार ओहम-मीटरपर्यंत जातो. या मर्यादा एकमेकींत शिरतात हे इथेच लक्षात घेतले पाहिजे. तीस ओहम-मीटरचा थर पाणी धरणारा मुरूम असू शकतो, तसाच मातीने भरलेला मऊ टफही असू शकतो. पहिल्यातून विहिरीला पाणी मिळते. दुसऱ्यातून मिळत नाही, आणि त्यावर उभ्या केलेल्या खांबाला आधारही नीट मिळत नाही.

मोजणीला चार सळ्या लागतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडतात, आतल्या दोन सळ्यांत विभवांतर मोजतात. समान अंतराची ही मांडणी अमेरिकेत फ्रँक वेन्नर यांनी १९१५ मध्ये मांडली. त्याआधी १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोनराड श्लुम्बर्गर यांनी जमिनीत वीज सोडून प्रयोग सुरू केले होते. त्यांच्या नावाच्या मांडणीत आतल्या सळ्या जवळ ठेवून बाहेरच्या दूर नेतात. वेन्नर मांडणीचा हिशेब सोपा आहे. सळ्यांमधले अंतर पाच मीटर, प्रवाह १०० मिलीअँपिअर आणि विभवांतर ९५ मिलिव्होल्ट आले, तर रोध ०.९५ ओहम; त्याला २π गुणिले पाच, म्हणजे ३१.४ ने गुणले की सुमारे ३० ओहम-मीटर येते. ही त्या जागेची ‘आभासी’ रोधकता, कारण प्रवाह ज्या ज्या थरांतून गेला त्या सगळ्यांचे मिश्रण या एका आकड्यात आलेले असते. सळ्या लांब नेल्या की प्रवाह खोल जातो आणि आकड्यात खालच्या थरांचा वाटा वाढतो.

बरीच वर्षे ही मोजणी एका बिंदूभोवती होत असे. मधला बिंदू कायम, सळ्या क्रमाक्रमाने दूर, आणि शेवटी थरांची खोली सांगणारा एक आलेख. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास उभ्या राहिलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने गावोगावच्या विहिरी आणि बोअरसाठी असे सर्वेक्षण रुळवले. पाणाड्याच्या काठीला पर्याय म्हणून खेड्यातल्या माणसाला भूभौतिकी पहिल्यांदा भेटली ती याच रूपात. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे मालवणसारख्या कोकणच्या किनारी भागात याच पद्धतीने उथळ थर अभ्यासले. या बिंदूमोजणीत एक गृहीत दडलेले असते: थर आडवे आहेत आणि आजूबाजूला सारखेच आहेत. पठारावर ते बऱ्याच अंशी चालते. अंधेरी-जोगेश्वरीत, जिथे थर कललेले आहेत आणि खडकाचा माथा वीस पावलांत पाच मीटर खाली जातो, तिथे ते चालत नाही.

चित्रणाने ही अडचण बरीचशी दूर केली. एका रेषेत ४८ किंवा ७२ सळ्या ठोकायच्या, त्या सगळ्या एका केबलला जोडायच्या आणि कोणत्या चार सळ्या केव्हा वापरायच्या हे यंत्रावर सोपवायचे. शेकडो मोजण्या आपोआप होतात. मग संगणक जमिनीची कल्पना लहान लहान चौकटींत करतो, प्रत्येक चौकटीला एक रोधकता देतो, तिच्यावरून पृष्ठभागावर काय मोजले गेले असते ते काढतो आणि खऱ्या मोजणीशी जुळेपर्यंत आकडे बदलत राहतो. मलेशियातील मेंग हेंग लोके आणि ब्रिटनमधील रॉन बार्कर यांनी १९९६ मध्ये मांडलेली गणनपद्धत या कामात जगभर रुळली, आणि रंगीत उभा छेद हे या पद्धतीचे ओळखीचे रूप झाले.

उपनगरात अशी रेष टाकताना पहिला प्रश्न जागेचा येतो. चांगले चित्र साधारणपणे रेषेच्या एकूण लांबीच्या पाचव्या ते सहाव्या हिश्शाइतके खोल जाते. ४८ सळ्या एकेक मीटरवर ठोकल्या तर रेष ४७ मीटरची, म्हणजे आठेक मीटर खोली. दोन-दोन मीटरवर ९४ मीटरची रेष आणि सोळा मीटर. पाच-पाच मीटरवर २३५ मीटर, तेव्हा कुठे चाळीस मीटरपर्यंत नजर पोहोचते. २३५ मीटरची सरळ, मोकळी, मातीची पट्टी मैदाने, आरेची जमीन, नाल्याचे काठ आणि काही मोठे कारखान्यांचे भूखंड सोडले तर उपनगरात मिळणे कठीण. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचा भूखंड बहुधा चाळीस-साठ मीटरचा असतो. तिथे या पद्धतीने आठ-दहा मीटरखालचे काही सांगितले जात असेल, तर ते चित्र नीट तपासून घ्यावे. बोअरवेल किती खोल मारावी हे अशा भूखंडावर एका रेषेवरून ठामपणे सांगणारा अहवाल तर विश्वास ठेवण्याजोगा नाहीच. उपनगरातल्या बोअर साठ-सत्तर मीटर आणि त्याहून खोल जातात, आणि मोजणी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेली नसते.

दुसरा प्रश्न सळीचा. मुरमात हातोड्याने फूटभर सळी जाते. डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर मात्र भोक पाडून खालच्या मातीपर्यंत पोहोचावे लागते. सळी ठोकल्यावर यंत्र आधी प्रत्येक जोडीचा संपर्करोध दाखवते. मे महिन्यात बोरिवलीच्या एखाद्या तापलेल्या मैदानावर तो दहा-वीस किलोओहमवर असतो, आणि तेवढ्यावर मोजणी सुरू केली तर आकडे नाचतात. मग मदतनीस कॅन घेऊन रेषेच्या एका टोकापासून निघतो, प्रत्येक सळीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओततो, सळी हलवून पुन्हा ठोकतो. रोध दोन-तीन किलोओहमच्या खाली आला की ती सळी चालू धरतात. पाणी जास्त ओतून दोन सळ्यांची ओल एकमेकींना मिळाली तर उथळ भागाचे आकडे खोटे येतात, म्हणून थोडेच ओतायचे. पावसाळ्यात हा त्रास नसतो, पण तेव्हा मुरूम पूर्ण भिजलेला असतो आणि त्याची रोधकता उन्हाळ्यापेक्षा कमी येते. दोन ऋतूंतल्या दोन रेषा शेजारी ठेवून तुलना करताना हे ध्यानात न घेतल्यास जमीन बदलली असा गैरसमज होतो.

तिसरा प्रश्न विजेच्या गोंगाटाचा, आणि तो मुंबईत फार जुना आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी विजेवर चालणाऱ्या ट्रामच्या योजनेमुळे बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. पुढे १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर लोकल धावू लागल्या. अशा प्रवाहाचा काही भाग रुळांतून जमिनीत उतरतो. रोधकतेची मोजणीही जवळपास एकदिश प्रवाहावरच होत असल्याने गाडी सुटली की वाचन हलणे ओघाने आलेच. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग पूर्णपणे २५ किलोव्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला, आणि २०१६ पर्यंत मध्य व हार्बर मार्गही. घाटकोपर ते वर्सोवा ही २०१४ ची मेट्रो पहिल्यापासून त्याच प्रवाहावर आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाचा ५० हर्ट्झचा गोंगाट गाळणे यंत्राला तुलनेने सोपे जाते. त्यासाठी वाचनाचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवतात, प्रवाहाची दिशा आलटूनपालटून सोडतात आणि तीच मोजणी अनेकदा घेऊन सरासरी काढतात. रुळांना समांतर आणि अगदी लगत रेष टाकणे तरीही टाळावे. लोखंडी जलवाहिनी, तारेचे कुंपण, पाइलमधले गज आणि तळघराच्या भिंती हेही प्रवाह आपल्याकडे ओढतात. रेषेला काटकोनात जाणारी वाहिनी चित्रात एका ठिकाणी डाग पाडते. समांतर जाणारी अख्खे चित्र बिघडवते, आणि तिथे पुरेसा जाड ओला थर आहे असे भासवते.

मोजणी नीट झाली तरी चित्राचे वाचन शिल्लक राहते, आणि चुका होतात त्या बहुतेक इथे. एकाच मोजणीशी जुळणारी अनेक चित्रे निघू शकतात. पातळ पण जास्त वाहक थर आणि जाड पण कमी वाहक थर यांचा पृष्ठभागावरचा परिणाम जवळजवळ सारखा असतो. दोन पाषाणांच्या मधला तांबड्या मातीचा हातभर थर, जो खोदकामात पाणी आणतो आणि उतार घसरवतो, चित्रात दिसेलच असे नाही. गणनेची पद्धत गुळगुळीत बदल पसंत करते, त्यामुळे मुरूम संपून पाषाण सुरू होण्याची रेघ दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात पसरते. मुरमात अडकलेला मोठा धोंडा आणि खरा खडकाचा माथा यांतला फरक रेष धोंड्यापलीकडे पुरेशी लांब असेल तरच कळतो. अहवालात मोजणी आणि गणन यांतली टक्केवारीची तफावत छापलेली असते. ती कमी असणे म्हणजे चित्र बरोबर असणे, हा समज चुकीचा आहे. तफावत कमी होण्यासाठी संगणक गोंगाटालाही खडकाचे रूप देऊ शकतो.

म्हणून बोअर टाळण्यासाठी ही पद्धत वापरू नये. तिचा खरा उपयोग बोअरची जागा ठरवण्यात आणि दोन बोअरच्या मधली जमीन वाचण्यात आहे. पाया खोदण्यापूर्वी भूखंडाच्या कोपऱ्यांत आणि मध्ये चार-पाच बोअर घेण्याची रीत आहे. आधी दोन रेषा टाकल्या, चित्रात खडकाचा माथा एकाएकी खाली जाणारी जागा सापडली आणि एक बोअर तिथे घेतली, तर तेवढ्याच खर्चात जास्त कळते. कोअर बॉक्समध्ये मीटरमीटरने मांडलेले खडकाचे दंडगोल हाताशी आले की रंगांना नावे देता येतात: या जागी साठ ओहम-मीटर म्हणजे झिजलेला ब्रेशिया, चारशे म्हणजे ट्रॅकाइट. हा पडताळा त्या जागेपुरताच असतो. मालाडला बसवलेले आकडे मुलुंडला लावू नयेत. भारतीय मानकांत या कामासाठी आयएस १५७३६ ही स्वतंत्र संहिता आहे, आणि वीज उपकेंद्रांच्या अर्थिंगसाठी आयएस ३०४३ प्रमाणे वेन्नर मोजणी नित्य होते. अर्थिंगसाठी झालेल्या या मोजण्या बहुधा त्या कामापुरत्याच राहतात. शेजारच्या पायाच्या अभ्यासाला त्या आयत्या मिळाल्या तर केवढी सोय होईल.

पश्चिम किनाऱ्यावर या पद्धतीचा सगळ्यात स्पष्ट उपयोग गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा शोधण्यासाठी होतो. वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई या पट्ट्यात वाळू आणि भेगाळ खडकात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल तर स्थिर स्थितीत खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी धरले जाते. उलट उपशाने वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालून खारे पाणी त्याच पटीत वर चढते. गोड्या पाण्याचा थर आणि खाऱ्या पाण्याचा थर यांच्या रोधकतेत दहा-वीस पटींचा फरक असतो, त्यामुळे सीमा चित्रात ठसठशीत येते. जिथे जमिनीत मातीचा अंश कमी, तिथे हे वाचन इतर कुठल्याही पद्धतीपेक्षा स्वस्त आणि भरवशाचे आहे. कोळीवाड्यांतल्या आणि गावठाणांतल्या जुन्या विहिरी टिकवायच्या असतील, तर त्यांच्याभोवती पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक रेष टाकून सीमा कुठे सरकते ते पाहणे अवघड नाही. पाणी जिरवण्याच्या खड्ड्यांसाठीही उथळ चित्र उपयोगी पडते. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. खड्डा भेगाळ मुरमात गेला तर पाणी जिरते. चिकणमातीत गेला तर तो पहिल्या पावसातच तुडुंब भरतो.

कचराभूमींची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बोरिवलीजवळ गोराई खाडीलगतची सुमारे वीस हेक्टरची कचराभूमी २००७ नंतर शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली. मुलुंडची १९६७ पासूनची, सुमारे चोवीस हेक्टरची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली आणि तिथल्या सुमारे ७० लाख टन जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचे काम हाती घेतले गेले. कुजलेल्या कचऱ्यातून झिरपणारे पाणी क्षारयुक्त, त्यामुळे अत्यंत वाहक असते. कचऱ्याची जाडी, त्यात साचलेले पाणी आणि बाहेर पडणारी त्याची वाट हे सगळे चित्रणाने शोधता येते, आणि जगभर शोधले जाते. पण या दोन्ही जागा खाडीकाठच्या. आजूबाजूला खारट चिखल आहे, त्याची रोधकताही तितकीच कमी. चित्राच्या तळाशी पसरलेला कमी रोधकतेचा निळा पट्टा कचऱ्याच्या पाण्याचा की भरतीच्या पाण्याचा, हे रोधकतेवरून ठरत नाही. इथे त्याच केबलने प्रेरित ध्रुवीकरण मोजावे लागते, म्हणजे प्रवाह बंद केल्यावर जमिनीत उरलेला भार किती हळू ओसरतो ते पाहावे लागते. कुजका कचरा आणि त्यातले धातूचे तुकडे तो भार जास्त धरून ठेवतात. तरीही शेवटचा निर्णय निरीक्षण-बोअरमधल्या पाण्याच्या नमुन्यावर सोडावा लागतो. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर आज कार्यालये उभी आहेत. अशा भरणीवर बांधण्याआधी कचरा कुठवर पसरला आहे हे कळणे राहत्या माणसांच्या आरोग्याशी जोडलेले आहे, आणि त्यासाठी काही रेषांचा खर्च काहीच नाही.

डोंगरउतारांचा प्रश्न सगळ्यात निकडीचा. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठाहून जास्त माणसे गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी साकीनाक्याला उतार खाली आला. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळीत तेच घडले. या उतारांवर पाषाणावर मुरूम आणि सुट्या धोंड्यांचा थर असतो, घरांसाठी पायथा कापलेला असतो, आणि वरून येणारे पाणी मुरूम व पाषाण यांच्या सांध्यात साचते. हा ओला सांधा रोधकतेत उठून दिसतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने यॉर्कशायरमधील हॉलिन हिल येथे सळ्या कायमच्या पुरून, उतारातल्या ओलाव्यात वर्षानुवर्षे होणारे बदल टिपले आहेत. घाटकोपर-असल्फा-भांडुपच्या उतारांवर गल्ल्या मीटर-दीड मीटर रुंदीच्या, पायऱ्यांच्या आणि काँक्रीटच्या आहेत. सलग रेष मिळत नाही, आणि घरे खालपासून वरपर्यंत एकमेकांना चिकटलेली. तरी माथ्यावरची मोकळी कड आणि संरक्षक भिंतीमागची पट्टी यांवर रेषा बसतात. भिंत बांधण्यापूर्वी तिच्या मागे पाणी कुठे साचते हे कळले तर पाणी काढण्याच्या नळ्या योग्य जागी बसतील. नुसती भिंत आणि मागे अडलेले पाणी हा धोका वाढवणारा मेळ आहे. दरडप्रवण म्हणून आधीच नोंदलेल्या जागांपैकी अगदी मोजक्या जागी जरी सळ्या कायमच्या बसवल्या आणि जून ते सप्टेंबर मोजण्या घेतल्या, तरी किती पावसानंतर सांधा भरतो याचा स्थानिक हिशेब हाती येईल. या पद्धतीवर उपनगरांत खर्च करायचा तर पहिला हक्क या उतारांचा आहे.

भुयारांच्या बाबतीत खोलीप्रमाणे उत्तर बदलते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या मेट्रो ३ ची मरोळ नाका, एमआयडीसी, सीप्झ ही स्थानके अंधेरी पूर्वेच्या खडकात खोदली आहेत. मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. वीस-तीस मीटर खोलीच्या अशा कामाला पृष्ठभागावरचे चित्रण चांगले जुळते. ब्रेशिया किती, टफ किती, भेगाळ ओला पट्टा कुठे, हे बोअरच्या जोडीने कळते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याची ४.७ किलोमीटरची जुळी भुयारे आणि ठाणे-बोरिवली भुयारे यांचे काम वेगळे. ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जातात, आणि गोरेगाव-मुलुंड भुयारावर काही ठिकाणी दीडशे मीटरहून जास्त खडक आहे. एवढ्या खोलीसाठी नऊशे मीटर ते किलोमीटरभर रेष लागते, आणि त्या खोलीवर दहा-पंधरा मीटरचा भेगाळ पट्टा चित्रात विरघळून जातो. तरीही जंगलात या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. बोअरचे यंत्र न्यायला वाट पाडावी लागते, केबल आणि सळ्या माणसे खांद्यावरून नेतात. मोठ्या भेगा दरीच्या रेषेत कुठे येतात हे अशा चित्रावरून ठरवून मोजक्या बोअर घेणे आणि पुढचा तपास भुयार खोदतानाच तोंडासमोर आडव्या बोअर घेऊन करणे, हा तिथला शहाणा क्रम. ठाण्याच्या खाडीखालून जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या भुयारासाठी भूकंपीय अपवर्तन पद्धत वापरली गेली, तेही योग्यच होते. खाऱ्या पाण्याखाली वीज वरच्या वरच पसरते, ध्वनिलहरी खोल जातात.

या पद्धतीने काय सापडणार नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण उपनगरांतले दोन मोठे अपघात तिच्याशी चुकीने जोडले जाऊ शकतात. जून २०२१ मध्ये घाटकोपर पश्चिमेला एका सोसायटीच्या आवारात उभी मोटार बघता बघता जमिनीत गेली. खाली काँक्रीटचे झाकण घातलेली जुनी विहीर होती. उपनगरांत अशा बुजवलेल्या वा झाकलेल्या विहिरी पुष्कळ. रिकामी विहीर हवेमुळे जास्त रोधकतेची, म्हणून सळ्या मीटरभर अंतरावर ठेवल्या तर सापडते. पाण्याने भरलेली विहीर मात्र फसवते: आतले गोडे पाणी आणि बाजूचा ओला मुरूम यांची रोधकता जवळजवळ सारखी असू शकते, आणि झाकणातले गज वरचे वाचन बिघडवतात. तिथे भूभेदी रडार आधी फिरवावे. हे रडार खारट चिखलात मीटरभरही जात नाही, पण कोरड्या भरणीवर आणि काँक्रीटखाली झटपट काम करते. दुसरा अपघात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. तिथे मारलेल्या बोअरवेलने भांडुपला पाणी आणणाऱ्या मुंबई महापालिकेच्या जलबोगद्याला भोक पाडले, आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली. साडेपाच मीटर व्यासाचा, शंभर मीटरच्या आसपास खोल असलेला बोगदा पृष्ठभागावरून कोणत्याही रोधकता चित्रात दिसत नाही. त्याचे रक्षण होते ते फक्त नकाशाने आणि त्या पट्ट्यात बोअरला परवानगी न देण्याने.

खर्चाच्या अंगाने एक रेष बोअरपेक्षा स्वस्त पडते. चार-पाच माणसांचा गट दिवसाला एक-दोन रेषा सहज करतो, आणि महागडे असते ते अनुभवी वाचन. कंत्राटात नुसते ‘रेझिस्टिव्हिटी टेस्ट’ एवढेच लिहिले तर यंत्र येते, रंगीत कागद मिळतो आणि काम संपते. रेषेची लांबी, सळ्यांचे अंतर, अपेक्षित खोली, मांडणी, रेषेजवळच्या वाहिन्यांचा नकाशा, मूळ मोजण्यांची फाइल आणि पडताळ्याची बोअर या गोष्टी कंत्राटातच मागितल्या तर अहवाल तपासता येतो. मूळ मोजण्या सर्वांत महत्त्वाच्या. गणनाची साधने दर काही वर्षांनी सुधारतात, आणि जुन्या मोजण्या जपलेल्या असतील तर नव्या गणनाने त्यांतून जास्त काढता येते. पुनर्विकासाच्या निमित्ताने अंधेरीपासून मुलुंडपर्यंत भूखंडाभूखंडावर बोअर पडत आहेत. या नोंदी आणि रोधकतेच्या रेषा एका सार्वजनिक नकाशावर आल्या, तर शेजारच्या भूखंडाचा पाया आखणाऱ्या अभियंत्याला खडकाचा माथा कोणत्या दिशेने उतरतो हे पहिली सळी ठोकण्याआधीच कळेल, आणि त्याची रेष त्या उताराला आडवी न टाकता उताराच्या दिशेनेच टाकली जाईल.